दहावा टाका

कोल्हार
१४ नोव्हेंबर २०२४

अक्का,

वर काय लिहावं, 'तीर्थरूप' की नुसतं 'प्रिय', यात दोन कागद फाडले. शेवटी म्हटलं, तोंडातून निघतं तेच लिहू. फोन तू उचलत नाहीस. सहा वर्षांत मी तीनदा केला, तिन्ही वेळा वाजून वाजून बंद पडला. म्हणून हे पत्र. पोस्टातल्या बाईकडं पाकीट मागितलं तर ती माझ्याकडं बघतच राहिली.

तू तिकडं शेंडी गावी, धरणाच्या गारठ्यात, मी इथं प्रवरेच्या काठाला. मधे तीन तासांचा रस्ता. एका आईच्या दोघीच पोरी, आणि आई गेल्यापासून एकमेकींचं तोंड पाहिलेलं नाही. तिसऱ्या दिवशी राख सावडली आणि तू जी गेलीस ती गेलीस, दहाव्यालासुद्धा थांबली नाहीस. सगळ्या भावकीत मी तेच सांगत फिरले. पुष्पावती आईच्या दहाव्याला नव्हती, म्हणून. आता नाही सांगत.

विचारायचं एकच आहे. तू सध्या काही विणतेस का?

कारण सांगते. माझं विणकाम चालूच आहे, ते काही सुटायचं नाही. पुण्याच्या नातीची, राजनंदिनीची टोपी चालू आहे. शेजारच्या मुक्ताबाईला मफलर पाहिजे, तो अर्धा झालाय. आणि आमच्या ह्यांचा बिनबाह्यांचा स्वेटर. फॅक्टरीतून रिटायर झाल्यापासून हे दिवसभर घरात. सकाळी ओट्यावर बसतात, कुडकुडतात, आणि कोणी विचारलं की म्हणतात, "आमच्यात सगळ्या गावाला लोकर हाय, घरच्याला न्हाई." म्हणून राखाडी लोकर आणली. दिवाळीनंतर टाके घातले, चार बोटं पाठ झाली.

परवा दुपारी जरा आडवी झाले. उठून बघते तर सुईवर दोन ओळी जास्त. आणि अक्का, टाके पिळलेले.

तुला माहीत आहे मी काय म्हणते ते. उलट्या टाक्याला लोकर वरून घ्यायची, ती आई कायम खालून घ्यायची. कुठल्याशा नर्सबाईचं बघून शिकली, ती आधीपासून चुकीचंच शिकली. मग सुलट ओळीत प्रत्येक टाक्याच्या मानेला पीळ. मी ते विशीतच सुधारलं, आणि आईला चारचौघींत सांगितलंही, की तुझं चुकतं. तू सुधारलं नाहीस. 'आईचा हात आहे' म्हणायचीस. तेव्हा जगात तसा पिळलेला टाका घालणाऱ्या दोघीच. एक आपली आई, मालनबाई, आणि एक तू.

मालनबाई तर नाही. म्हणून विचारते, तू आली होतीस का? वेड्यासारखं विचारते आहे, माहीत आहे.

सत्यशीला

कोल्हार
२८ नोव्हेंबर

अक्का,

उत्तर नाही. नसू दे. मी लिहिते.

त्या दोन ओळी मी उसवल्या. दुसऱ्या दिवशी परत आल्या, चार. मी परत उसवल्या. मग सहा आल्या, आणि राखाडीत डाळिंबी रंग आला. घरात डाळिंबी लोकरीचा धागासुद्धा नाही, एका ठिकाणचा सोडला तर. पुढच्या दारावरचं तोरण. तू पाहिलेलं नाहीस ते. आई गेल्यावर केलं. त्याच्या झालरी चौकटीपासून चांगल्या वीतभर लोंबायच्या, हे आत येताना रोज कपाळाला लागतं म्हणून चिडायचे. परवा म्हणाले, "बरं केलंस, तोरन आखूड केलंस." मी कशाला करू?

खुर्चीवर चढून बघितलं. कापलेलं नाही. खालून एकेक टाका उसवत गेलेला, नीट, सावकाश.

ह्यांना सांगितलं तर हसले. "आगं तूच करती आन् तूच इसरती. लोकर लोकर करून डोस्क्यात लोकर झाली तुझ्या." मी म्हटलं, मी पिळलेले टाके घालत नाही. तर म्हणाले, "टाक्याला काय पीळ आन् काय न्हाई, मला तर समदे सारखेच दिसत्यात." छत्तीस वर्षं स्वेटर घातले या माणसानं. वाटलं, उद्यापासून पोतं पांघरायला द्यावं.

तुला आईचं मोजणं आठवतं? पहाटेपासून रानात खपून दुपारी घटकाभर जोत्यावर बसायची आणि टाके मोजायची, मोठ्यानं. आकडे विसरायची म्हणून आपल्या दोघींना कामाला लावलं होतं. नऊ म्हणाली की थांबायची. मग मी ओरडायचं, "पुष्पा!" मग ती अकरा, बारा. एकोणीसला थांबायची आणि तू ओरडायचं, "सत्या!" मग एकवीस. तीसला परत तुझं नाव, चाळीसला माझं. आपलं नाव आपण घ्यायचं नाही, दुसरीनं घ्यायचं. भांडण झालं की मी मुद्दाम गप बसायचे. आई सुई हातात धरून तशीच थांबायची. "पुढं कोन गं?" म्हणायची. नाव घेतल्याशिवाय पुढचा टाका मोजायची नाही, भाकरी करपली तरी. तेव्हा मला त्याचं हसू यायचं.

पण नेहमी दहाव्यावर तू आणि विसाव्यावर मी. नेहमी तूच आधी. मोठी तू होतीस, त्याला कोण काय करणार.

आज इतकंच. चुलीवर पावटा शिजतोय.

सत्यशीला

कोल्हार
९ डिसेंबर

अक्का,

आज दुपारी मी मुक्ताबाईकडं होते. लसूण निवडत बसलो होतो, चांगले दीड-दोन तास. घरी आले तर हे ओट्यावर, तोंड बारीक केलेलं. म्हणाले, "तू आत्ता भाईरून आली?" म्हटलं, मग कुठून येणार? तर गप. पाणी दिलं, चहा दिला, तरी गप. हा माणूस गप बसला की समजावं काहीतरी झालं. शेवटी बोलले.

"मी आत डोकावलो तवा तू खिडकीपाशी बसल्याली. पाठमोरी. इनत हुतीस. आन् मोजत हुतीस."

मी विचारलं, काय मोजत होते?

"नवापत्तुर. नऊ म्हनायची आन् थांबायची. लई येळ थांबायची. मग परत एकपासनं. मला वाटलं, हिला दहा काय म्हनता येईना का काय. हाक मारली तर वळली न्हाईस."

मग खाली बघत म्हणाले, "डोक्यावर पदर हुता."

मी डोक्यावर पदर घेत नाही अक्का. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, सासू होती तोवरच घेतला. हे तुला ठाऊक, ह्यांना ठाऊक. या घरात डोक्यावरून पदर घेऊन खिडकीपाशी बसणारी एकच बाई होती. शेवटची अकरा वर्षं तिथंच बसली.

डॉक्टरला दाखवू म्हणून हे मागं लागले होते, आता त्याचं नाव काढत नाहीत. डोस्क्यात लोकर झाली असं पण म्हणत नाहीत. दुपारी माझ्याबरोबर आडवे होत नाहीत, ओट्यावरच बसतात, ऊन अंगावर घेत.

सत्यशीला

कोल्हार
२० डिसेंबर

अक्का,

मला पण दहा म्हणता येत नाही.

थट्टा करत नाही. मुक्ताबाईच्या मफलरचे टाके मोजायला गेले, एक, दोन, नऊपर्यंत सरळ आले, आणि पुढं जीभ उचलेना. दहा लिहिता येतं, हे बघ, १०. बोलता येत नाही. बाजारात लिंबं घेतली. बाई म्हणाली मोजून घ्या, तर नऊ घेऊन आले. ती मागून ओरडतेय, "ओ मावशी, अजून एक ऱ्हायलं!" मी वळून पाहिलं नाही. अकरा पण येत नाही. नवाच्या पुढं सगळं बंद. नातीचा फोन आला, तिला शाळेत पाढे आहेत, म्हणाली, आजी माझ्याबरोबर दोनाचा पाढा म्हण. मी फोन ह्यांच्याकडं दिला आणि मोरीत जाऊन उभी राहिले.

राखाडी स्वेटर आता राखाडी राहिलेला नाही. खालची बॉर्डर तेवढी ह्यांची. वर सगळं डाळिंबी, सगळे टाके पिळलेले. मी हात लावत नाही, तरी रोज चार बोटं वाढतो. बिनबाह्यांचा करायचा होता, तर मुंढ्यावर टाके उचललेले दिसले, आणि आता दोन्ही बाह्या झाल्यात. आज हिय्या करून टेप लावला. उजवी बाही पुरी. डावी दोन बोटं कमी.

आपल्याकडं डावा हात दोन बोटं आखूड कोणाचा? चिंचेवरून पडून मोडला होता, आणि वैद्यानं वाकडा बांधला. मीच ढकललं असं तू आईला कधी सांगितलं नाहीस. तेही आज लिहून टाकते, एवढ्यात तेवढं.

आणि तोरण. ती लोकर कुठली, हे तोरणाचं लिहिलं तेव्हाच लिहायला पाहिजे होतं, मी लिहिलं नाही. आई शेवटच्या वर्षी तुझ्यासाठी स्वेटर विणत होती. 'पुष्पीकडं धरणाचं वारं लई बोचतं' म्हणून रंग तिनंच निवडला होता. नजर गेलेली, बोटं सुजलेली, दिवसाला दोन ओळी व्हायच्या. गळ्यापर्यंत आला होता. तू राख सावडून गेलीस त्या दिवशी मी तो खाली बसून उसवला. एका दुपारीत. एका वर्षाचं काम एका दुपारीत उसवतं. लोकर वाफेवर धरली, सरळ केली, आणि तोरण विणलं. चारचौघी म्हणाल्या, काय सुरेख आहे. मला सुरेख वाटलं.

तोरणाची आता नुसती दोरी उरली आहे दारावर.

अक्का, मला भीती वाटते. आई मला काही करेल अशी भीती नाही. तिनं आयुष्यात कोणाला चापट मारली नाही. ती थांबून बसली आहे, याची भीती वाटते. तिला थांबता येतं. भाकरी करपली तरी थांबते.

सत्या

कोल्हार
१ जानेवारी २०२५

अक्का,

पाच कागद पुढ्यात घेतलेत. यातला एक तरी तुझ्यापर्यंत यायला हवा.

आई गेली त्याच्या आदले तीन दिवस तिचं सगळं ध्यान दारात होतं. "पुष्पा आली का गं?" सकाळी तेच, दुपारी तेच. मी पाणी पाजलं तरी तेच, अंग पुसलं तरी तेच. अकरा वर्षं मी केलं तिचं. न्हाणं-धुणं, गोळ्या, पथ्यपाणी, सगळं. तू वर्षातून दोनदा यायचीस, एक पिशवीभर तांदूळ आणायचीस आणि तिचा चेहरा फुलायचा. माझ्या हातचं खाताना तो कधी फुलला नाही. मला राग आला, अक्का. मरणाऱ्या बाईचा राग आला. खरं सांगते.

पहिल्या दिवशी हे म्हणाले, "पुष्पाक्काला फोन लाव." मी म्हटलं, लावते. मोबाईल घेऊन परसात गेले, तुझं नाव काढलं, आणि उभी राहिले. लावला नाही. आत येऊन आईला सांगितलं, "अक्काला कळवलं. तिला यायला जमत नाही म्हणते."

 आईनं मान भिंतीकडं केली.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिचा हात गोधडीवर हलायला लागला. मला वाटलं, गोधडी नको आहे. जवळ गेले तर मोजत होती. गोधडीचे टाके बोटानं चाचपत. एक, दोन, तीन. आवाज कसला, नुसता वारा. नऊ म्हणाली आणि थांबली. माझ्याकडं बघितलं. म्हणाली, "पुढं कोन गं?"

मला ठाऊक होतं काय म्हणायचं. चार वर्षांची असल्यापासून ठाऊक होतं. मी म्हटलं, "दहा."

तिनं मान हलवली. नाही म्हणून. परत विचारलं, "पुढं कोन?"

मी म्हटलं, "दहा, आई. दहा म्हण. नऊच्या पुढं दहाच येतं."

ती थांबली. बोट त्या टाक्यावर तसंच. मी पण गप बसले, लहानपणी बसायचे तशी. वाटलं, बघू कोण हरतं. आणि बघता बघता ते बोट गार झालं.

तू संध्याकाळी आलीस. ह्यांनी कळवलं होतं, गेल्यावर. तू उंबऱ्यातच मला विचारलंस, "शेवटी माझं नाव घेतलं का तिनं?" मी म्हटलं, "नाही." तू परत विचारलंस. मी म्हटलं, "नाही, तुझी आठवणसुद्धा काढली नाही." हे खोटंसुद्धा नव्हतं, असं मी सहा वर्षं स्वतःला समजावलं. नाव तिनं त्या घडीला घेतलं नव्हतंच. ते मी घ्यायचं होतं.

दहाव्याला नदीवर कावळा शिवेना. दोन तास सगळी माणसं उन्हात. गुरुजी म्हणाले, आईचा जीव कशात अडकलाय ते बोला. कोणीतरी म्हणालं, थोरलीला बोलवा. मी म्हटलं, तिचा फोन लागत नाही. शेवटी दर्भाचा कावळा करून शिववला आणि माणसं जेवायला गेली. मी पिंडाकडं बघत होते. मला ठाऊक होतं.

झालं. हे सांगायला लोकर लागली, नुसत्या तोंडानं सांगता आलं नसतं मला. तू शिव्या दे. तू येऊ नकोस. पण हे वाचलंस एवढं कळव, एक कोरं पाकीट जरी पाठवलंस तरी चालेल.

तुझी सत्या

कोल्हार
३ जानेवारी

अक्का,

एक तारखेचं पत्र लिहून ठेवलं होतं, ते आज सकाळी पोस्टात टाकलं. पेटीत हात घातला तेव्हा वाटलं काढून घ्यावं, पण पेटीतून काढता येत नाही, बरंच आहे.

घरी आले. हे ओट्यावर ऊन खात होते. दाराच्या चौकटीकडं बघितलं तर दोरीसुद्धा नव्हती. नुसता खिळा. आत खिडकीपाशी स्वेटर. सगळा झालेला, गळा तेवढा राहिलेला. आईचा पण तिथंच राहिला होता. गळ्याचे टाके सुईवर होते, उचलून तयार, जणू मला सांगूनच ठेवलेले.

मी तिच्या जागेवर बसले. सहा वर्षांत पहिल्यांदा. स्वेटर मांडीवर घेतला, ऊबदार होता, नुकताच कोणी अंगातून काढावा तसा. सुईवर बोट ठेवलं आणि मोजायला लागले. मोठ्यानं. एक, दोन, तीन, चार. ह्यांना बाहेर ऐकू जात असणार, जाऊ दे म्हटलं. सात, आठ, नऊ.

जीभ थांबली. रोजच्यासारखी. मी जोर केला नाही. लहानपणी ओरडायचे तशी ओरडले, घसा फुटेस्तोवर.

"पुष्पा!"

आणि माझ्या पाठीमागून, अगदी मानेजवळून, आवाज आला. "अकरा."

मी वळले नाही. हे दारात येऊन उभे राहिले, त्यांनाही ऐकू आलं, त्यांच्या तोंडावरून कळलं मला. तिनं सावकाश मोजलं. बारा, तेरा. प्रत्येक आकड्याला माझ्या बोटाखालचा टाका हलायचा. पंधरा, सोळा. मी रडत होते अक्का, पण बोट काढलं नाही. सतरा, अठरा, एकोणीस.

आणि थांबली.

मी किती वेळ बसले ठाऊक नाही. हे म्हणाले, "आगं, वीस म्हन की." मी वीस म्हटलं. बोलता आलं मला, वीस काय, शंभरपर्यंत आलं. पण तिनं मोजलं नाही. हे म्हणाले, "मंग मी म्हनू का? सत्या!" म्हणाले पण. छत्तीस वर्षांत पहिल्यांदा माझं नाव घेतलं त्यांनी. तरी काही नाही. टाका हलला नाही. तिला तो आवाज नको आहे.

माझं नाव मी घ्यायचं नसतं. ते घेणारी एकच आहे, आणि ती शेंडीला आहे. तुला ते घ्यावंसं वाटेल का, मला माहीत नाही. मी तुझ्या जागी असते तर घेतलं नसतं. मी गप बसले असते, भाकरी करपेपर्यंत. पण तू माझ्यासारखी नाहीस, कधीच नव्हतीस, हात मोडला तेव्हासुद्धा नव्हतीस.

संगमनेरची गाडी धर, तिथून कोल्हारला सारख्या गाड्या आहेत. दार उघडं आहे. स्वेटर तसाच मांडीवर घेऊन बसले आहे, सुई हलवली नाही. थंडी वाजत असेल तुला तिकडं.

ये अक्का. ती एकोणीसवर थांबली आहे.